पाच किलो कुठे गेले?

घरी विमान बांधणाऱ्या माणसासमोर वजनाचा विषय काढू नये. काढायचाच असेल, तर जेवायला वाट पाहू नका असा घरी निरोप देऊन मग काढावा. आपण सहज विचारतो, ‘हा स्क्रू इतका आखूड का हो?’ आणि पुढचा तासभर तो स्क्रू आधी किती ग्रॅमचा होता, आता किती ग्रॅमचा आहे आणि उरलेल्यातले किती ग्रॅम निव्वळ आळसापोटी उरले आहेत, याचा जमाखर्च ऐकतो.

ही जमात मुख्यतः अमेरिकेत आढळते. तिथे हा छंद कायद्याने मान्य आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी केलेलं असावं, असा नियम आहे. बोलताना त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हे काम शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं, असंही त्यात आहे. शिक्षण बांधणाऱ्याचं होतं आणि करमणूक शेजाऱ्यांची, त्यामुळे दोन्ही कलमं आपोआप पाळली जातात. विमान तयार झालं की त्यावर ‘एक्स्पेरिमेंटल’ असं ठसठशीत अक्षरांत लिहायचं, आणि आत प्रवाशाच्या नजरेसमोर एक पाटी लावायची. पाटीचा आशय असा: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम ते पाळत नाही. इतकी प्रांजळ पाटी वडापच्या एकाही जीपमध्ये मी वाचलेली नाही.

सुटे भाग विकत मिळतात. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या ‘आरव्ही’ मालिकेची ११,००० हून अधिक विमानं लोकांनी गॅरेजमध्ये जोडून उडवली आहेत. या मंडळींची जत्रा दर जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला भरते. हजारो विमानं गवतावर ओळीने उभी राहतात, आणि त्यांच्या पंखांखाली तंबू ठोकून चांगली शिकलीसवरलेली, पेन्शनीत निघालेली माणसं जमिनीवर झोपतात. बायका बरोबर असतात. त्या का येतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे जागेचा प्रश्न. तरी कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान उभं केलं. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. विमान उडवण्याच्या परवानगीसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलं. मला मात्र त्यांनी गच्ची कशी मिळवली याचंच नवल वाटत आलं आहे. आमच्या सोसायटीत गच्चीवर सांडगे घालायला अर्ज लागतो, आणि त्या अर्जावर सेक्रेटरी ‘किती सांडगे?’ असा शेरा मारून तो परत पाठवतो.

माझे साडू ओहायो राज्यात, डेटनजवळ राहतात. राइट बंधूंचं सायकलचं दुकान ज्या गावात होतं तेच हे डेटन. साडूंच्या मते तिथल्या हवेतच काहीतरी आहे; मेहुणीच्या मते ते नेमकं साडूंच्याच नाकात गेलं. कितीतरी हिवाळे त्यांची गाडी बाहेर बर्फात आणि विमान आत गॅरेजमध्ये होतं. एक पंख दिवाणखान्यात सोफ्यामागे होता, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याला पदर लागू नये म्हणून अंग चोरून बसत. करंज्यांचं सारण मोजायला आणलेला डिजिटल काटा एकदा गॅरेजात गेला तो परत आला नाही. आता ते विमान, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं आरव्ही-७, एका छोट्या धावपट्टीलगतच्या हँगरमध्ये उभं असतं आणि बऱ्यापैकी उडतं. खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण विमान बांधून झालं की बांधणाऱ्याच्या हातांना काम उरत नाही, आणि मग तो बांधलेल्या विमानातून काय काढता येईल ते शोधू लागतो.

या वेडाला परंपरा आहे. १९२७ साली लिंडबर्ग एकटा अटलांटिक ओलांडायला निघाला तेव्हा त्याने रेडिओ नेला नाही, पॅराशूट नेलं नाही, नकाशांचे नको असलेले भाग कापून टाकले आणि बसायला वेताची खुर्ची घेतली. बर्ट रुटान या विमानरचनाकाराच्या नावावर हँगराहँगरांत एक कसोटी सांगतात: कुठलाही भाग लावण्यापूर्वी हवेत उडवून पाहावा, तो खाली आला तर जड आहे. त्याच रुटानने रचलेल्या ‘व्हॉयेजर’ने १९८६ च्या डिसेंबरमध्ये वाटेत कुठेही न थांबता, पेट्रोल न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघताना ते पेट्रोलने इतकं तट्ट भरलेलं होतं, की पंखांची टोकं धावपट्टीवर घासत गेली आणि थोड्या वेळाने तुटून पडली. विमान तसंच पुढे गेलं. हा प्रसंग सांगताना साडूंचा आवाज जड होतो. विमानाने आपणहून वजन कमी केल्याचं त्यांच्या माहितीतलं ते एकमेव उदाहरण आहे.

साडूंच्या विमानात कापण्यासारखं एकच काय ते उरलं होतं. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा पातळ पडदा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. त्याच्या इंजिनाकडच्या अंगाला बॅटरी बसवलेली होती. ओडिसी पीसी ६८० नावाची ही बॅटरी आरव्हीवाल्यांत घरोघरी असते. शिसं आणि आम्ल, वजन ७ किलो. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाची बॅटरी केली तेव्हापासून तिच्या स्वभावात फारसा फरक पडलेला नाही. ती जड असते, तक्रार करत नाही, थोडं जास्त चार्जिंग झालं तर सोसते, थोडं कमी झालं तरी सोसते, आणि मरायच्या आधी चांगले महिना-दोन महिने कण्हून दाखवते. मला विचाराल तर विमानातली ती सर्वांत समजूतदार वस्तू होती. पण मला कोणी विचारलं नाही.

तिच्या जागी येणार होती लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे पावणेपाच किलोंची बचत, जी साडू बोलताना ‘पाच किलो’ म्हणत आणि मेहुणीला किंमत समजावताना ‘जवळजवळ सहा’ म्हणत. किंमत जुनीच्या तिपटीच्या घरात होती. पाच किलो म्हणजे नेमकं किती, हे मी माझ्यापुरतं काढून पाहिलं. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ७२० ग्रॅम भरतं. त्या हिशेबाने ही बचत सुमारे साडेसहा लिटर पेट्रोलाइतकी. हे विमान तासाला तीस-बत्तीस लिटर पितं, म्हणजे बारा-तेरा मिनिटांचं पेट्रोल. टाक्यांत मावतं १५९ लिटर. ‘मग टाकी जराशी कमी भरली तर?’ असं मी म्हटलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बायकोकडे वळून माझ्या नोकरीची चौकशी केली.

बॅटरी आली ती ट्रकने. आली म्हणजे हा एक सोहळाच होता, कारण खोक्यावर सगळीकडून धोक्याची लेबलं होती. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. प्रवाशाने स्वतःजवळ सुटी बॅटरी बाळगायची तर विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-तासांची, आणि ही बॅटरी त्याच्या दुपटीच्या आसपास भरत होती. तात्पर्य, जी वस्तू उरलेलं सगळं आयुष्य विमानात काढणार होती, तिला विमानाने यायची मुभा नव्हती. मी हे साडूंना ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘अहो, ती वेगळी लिथियम.’’

इथून पुढे दोन दिवस साडूंच्या घरात ‘वेगळी लिथियम’ हा एकच विषय होता, आणि त्यात तथ्य आहे हे मान्य केलं पाहिजे. २०१३ च्या जानेवारीत बोइंगच्या ७८७ विमानांच्या बॅटऱ्या पेटल्या होत्या. एक ७ तारखेला बॉस्टनच्या विमानतळावर उभ्या विमानात, आणि दुसरी १६ तारखेला जपानमध्ये उडत्या विमानात धुमसली. ते घाईघाईने ताकामात्सुला उतरवावं लागलं. मग जगातली सगळी ७८७ विमानं जमिनीवर बसवली. त्या बॅटऱ्यांत कोबाल्ट ऑक्साइड होतं, जे तापलं की स्वतःच ऑक्सिजन सोडतं. आग लागते आणि आगीला लागणारी हवाही घरचीच असते. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसने इतका घट्ट धरून ठेवलेला असतो, की तो सहजासहजी सुटत नाही. आतला द्रव जळू शकतो, पण भडका उडणं पुष्कळ अवघड. टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत या पदार्थाचा शोध लागला. १९९७ च्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या नावाआधी पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावं आहेत, हे साडू प्रत्येक पाहुण्याला सांगतात. गुडइनफ यांना २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. ‘‘सत्त्याण्णव!’’ साडू म्हणाले, ‘‘आणि माणूस शेवटपर्यंत बॅटरीवरच काम करत होता.’’ मेहुणी आतून म्हणाली, ‘‘त्यांच्या घरचं कोणाला माहितीये?’’

७८७ चं पुढे काय झालं ते साडू सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. बोइंगने बॅटरीला पोलादाची भक्कम पेटी केली, धूर थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसवली, आणि एप्रिलमध्ये विमानं पुन्हा उडाली. हलकी बॅटरी घेऊन जे वजन वाचवलं होतं, ते त्या पेटीने परत आणलं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

आता बॅटरी बदलणं म्हणजे तुमच्या-माझ्या मते दोन नट ढिले करणं. जुनी काढली, नवी ठेवली, नट आवळले, चहा. पण लिथियमच्या डब्यात नुसती बॅटरी नसते. आत तिचं स्वतःचं एक इलेक्ट्रॉनिक कार्यालय असतं, त्याला बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. घरगुती नाव बीएमएस. हा बीएमएस म्हणजे थेट आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याचं सगळं लक्ष नियमांकडे. आतल्या चार बिऱ्हाडांना (सव्वातीन व्होल्टचे चार कोष ओळीने असतात) सारखं पाणी मिळतंय ना, कोणी जास्त घेत नाही ना, टाकी अगदीच रिकामी होत नाही ना, हे तो रात्रंदिवस बघतो. आणि आपल्या मते जरा गडबड दिसली, की सगळ्यांच्या भल्यासाठी कोणालाही न विचारता मेन व्हॉल्व्ह बंद करतो.

म्हणजे असं. रात्री हँगरमध्ये मास्टर स्विच चालू राहिला. शिशाची बॅटरी निमूटपणे शेवटच्या थेंबापर्यंत देत राहते आणि सकाळी अर्धमेली सापडते. लिथियममधला सेक्रेटरी पातळी एका मर्यादेखाली गेली की जोडणीच तोडतो. सकाळी मीटर लावला तर शून्य. शून्य म्हणजे काहीच नाही. आत पाणी आहे, पण मिळणार नाही. मग खास चार्जर लावून त्याची समजूत काढावी लागते. जमिनीवर हे ठीक आहे. पण हाच प्रकार वर, ढगात, भर उड्डाणात झाला तर काय, या प्रश्नाभोवती सगळी मांडणी फिरते.

राइट बंधूंना हा प्रश्न नव्हता. त्यांचं १९०३ चं इंजिन सुरू करायला बॅटरी लागायची. पण इंजिन धरलं की ती जमिनीवरच राहायची आणि पुढे ठिणगी पाडायचं काम मॅग्नेटो, म्हणजे इंजिनानेच फिरणारं छोटं जनित्र, करायचा. पाच नव्हे, सगळेच किलो वाचले. साडू यावर सुस्कारा सोडतात. जुन्या पद्धतीच्या विमान-इंजिनांना अजूनही मॅग्नेटो असतात, आणि बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. पण साडूंनी बांधतानाच, वजन वाचतं म्हणून, मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं होतं. शिवाय समोर दोन मोठे पडदे, ज्यांवर नकाशापासून इंजिनाच्या तापमानापर्यंत सगळं दिसतं. या सगळ्याला वीज लागते. आधी वाचवलेल्या वजनाने आत्ताच्या वजन वाचवण्याला असा खोडा घालून ठेवला होता.

यातला सर्वांत मासलेवाईक प्रकार म्हणजे लेबल. काही हलक्या बॅटऱ्यांवर, विशेषतः मोटरसायकलच्या दुकानातून येणाऱ्या, ‘१८ अँपिअर-तास’ असं ठळक छापलेलं असतं आणि बाजूला मुंगीच्या अक्षरांत ‘शिशाच्या तुलनेत’ असं. म्हणजे इंजिनाला हिसका द्यायच्या ताकदीत ती १८ च्या शिशाच्या बॅटरीइतकी. प्रत्यक्ष साठा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, सहा. इंजिन सुरू करताना हा फरक कळत नाही. उडताना वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला की कळतो. दहा अँपिअर खाणारे पडदे आणि इग्निशन घेऊन १८ मध्ये पावणेदोन तास जाता येईल. सहामध्ये अर्ध्या तासाच्या आसपास, आणि विमानतळ तर पाऊण तासावर. साडू या फसवणुकीत सापडले नाहीत. त्यांनी खऱ्या साठ्याची बॅटरी शोधली, आणि खरा साठा जड असतो म्हणून आधी ठरवलेली दीड किलोची सोडून सव्वादोन किलोंची घेतली. पाऊण किलो इथे गेला. त्यांनी त्याचं रीतसर दुःख केलं.

व्होल्टमीटरचाही उपयोग गेला. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज पाहून पोटात किती उरलं आहे ते कळतं: पावणेतेरा म्हणजे भरलेली, सव्वाबारा म्हणजे निम्मी. लिथियम फॉस्फेट मात्र सव्वातेराच्या आसपास रेंगाळत राहते. भरलेली असो की अर्धी, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, आणि मग एकदम संपते. म्हणून आत-बाहेर जाणारी वीज मोजणारं एक उपकरण आलं. त्याचं वजन १२० ग्रॅम. करंज्यांच्या काट्यावर.

अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज भडकला, तर शिशाची बॅटरी तो काही काळ पिऊन टाकते, फुगते, वास मारते, तेवढ्यात तुम्हाला कळतं. लिथियम बिचकते. सेक्रेटरी व्हॉल्व्ह बंद करतो, आणि भडकलेला व्होल्टेज पडद्यांवर जातो. तेव्हा सोळा व्होल्टच्या वर गेलं की अल्टरनेटर तोडणारी वेगळी सोय हवी. आली. बॅटरीचा अंतर्गत विरोध इतका कमी, की रिकामी असेल तर अल्टरनेटर देईल तेवढी सगळी वीज ओढते आणि साठ अँपिअरच्या अल्टरनेटरला घाम फोडते. म्हणून अल्टरनेटरला गार हवेची नळी. इंजिनाच्या खोलीत उन्हाळ्यात तापमान भलतंच चढतं आणि ही बॅटरी उष्णतेला नाजूक. म्हणून तिलाही गार हवेची नळी, आणि मध्ये चकचकीत पत्र्याचा आडोसा. जुन्या बॅटरीच्या खोबणीत नवी हिंदकळते. म्हणून ॲल्युमिनियमचा नवा कंस. बॅटरीला स्वतःची तब्येत सांगायची असते, त्यासाठी तिच्यातून एक बारीक तार निघते. तिच्या टोकाला पॅनेलवर एक लाल दिवा.

आणि थंडी. ओहायोत हिवाळ्यात उणे दहा म्हणजे बरा दिवस. लिथियमला थंडीत उठवत नाही. पहिल्यांदा स्टार्टर दाबला की प्रोपेलर अर्धा फिरतो आणि थांबतो. पण त्या प्रयत्नानेच बॅटरी आतून तापते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अशी जोरात फिरवते की बघणारा मागे सरकतो. जाणते लोक स्टार्टर दाबायच्या आधी पाच मिनिटं लँडिंगचे दिवे लावून ठेवतात. दिव्यांना वीज देता देता ती गरम होते. अगदी गोठणाऱ्या थंडीत तिला चार्ज करणंही जपून करायचं असतं. मी गेलो होतो तो जानेवारी होता. हँगरमध्ये दोन कोट घालून आम्ही उभे, साडूंनी दिवे लावलेले, आणि त्या उजेडात एक पासष्टीचा माणूस घड्याळ हातात घेऊन सव्वादोन किलोंच्या डब्याला ऊब यायची वाट बघतोय. वाट बघताना ते बॅटरीशी मराठीत बोलत होते. इंजिनाशी ते इंग्रजीत बोलतात.

बॅटरी बसली. मग आला गुरुत्वमध्य.

विमान किती जड आहे याहूनही ते कुठे जड आहे, याला जास्त महत्त्व. गुरुत्वमध्य ठरलेल्या पट्ट्यातच पाहिजे. आरव्ही-७ मध्ये तो पट्टा वीतभर, साधारण वीस सेंटिमीटर. तो फार मागे सरकला की दांडा नुसता हलवला तरी विमान नाक वर-खाली करू लागतं, आणि वेग गमावून कोसळू लागलं तर सावरणं कठीण जातं. आता बॅटरी होती पुढे, नाकाकडे. नाकातले पाच किलो काढले म्हणजे शेपूट आपोआप जड झाली. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य सात मिलिमीटर मागे गेला. सात मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण या विमानात माणसं बसतात गुरुत्वमध्याच्या मागे, सामान त्याच्याही मागे, आणि पंखांतलं पेट्रोल थोडं पुढे. म्हणजे पेट्रोल जळत जाईल तसा तो आणखी मागे. साडूंचा प्रोपेलर, अर्थात वजन वाचवण्यासाठी, हलक्या कंपोझिटचा. त्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य आधीच पट्ट्याच्या मागच्या उंबरठ्यावर उभा होता. या सात मिलिमीटरांनी, दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन निघालं तर उतरायच्या वेळी, तो उंबरठ्याबाहेर जात होता.

उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. नाकाच्या अगदी टोकाशी, प्रोपेलरच्या मागे, वजन बांधायचं. जितकं पुढे बांधाल तितकं कमी पुरतं. साडूंनी गणित केलं आणि उत्तर आलं: अडीच किलो.

अडीच किलो काय? शिसं.

मी शपथेवर सांगतो, मी हसलो नाही. शिशाची बॅटरी काढून तिच्या तिप्पट दराने आणलेल्या बॅटरीचा परिणाम म्हणून विमानाला शिशाचं कडं चढवलं जात होतं, आणि फरक एवढाच की आधीच्या शिशात वीज असायची. ‘‘पण अहो,’’ साडू म्हणाले, ‘‘सात किलोंच्या जागी अडीच!’’ त्यांचा चेहरा उजळला होता. ‘‘आणि लिथियम!’’ मेहुणी म्हणाली. तिने पुढे काहीच म्हटलं नाही, आणि साडूंनी पाना उचलला.

असा बदल केला की विमानाचं नवं वजन आणि गुरुत्वमध्य यांची नोंद ठेवावी लागते. नुसत्या गणितावर भागलं असतं, पण साडूंना प्रत्यक्ष वजन करायचं होतं. स्थानिक हौशी मंडळाकडून त्यांनी तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणले, मोटारींच्या शर्यतीत वापरतात तसले. विमान ढकलत आणून तिन्ही चाकं तीन काट्यांवर चढवली, पाणसळ लावून ते समतल केलं, वारा येऊ नये म्हणून हँगरची दारं बंद केली. सगळे श्वास रोखून उभे. बेरीज झाली. पावणेपाच किलो गेले होते. कंस, नळ्या, आडोसा, उपकरणं, तारा आणि लाल दिवा मिळून जवळजवळ एक किलो परत आला होता. अडीच किलो शिसं. निव्वळ बचत, बॅटरी बदलण्याआधीच्या तुलनेत, सव्वा किलोहून किंचित जास्त. साडूंनी वहीत तारीख घातली, आकडे लिहिले आणि सही केली. मग लॅपटॉप उघडून त्यांचा तो तक्ता समोर ठेवला, ज्यात पायलट, प्रवासी, सामान, पेट्रोल यांच्या वजनांचे रकाने आहेत आणि काही बिनसलं की चौकोन लाल होतो. सगळे चौकोन हिरवे होते.

मेहुणी चष्मा लावून वाकली. ‘‘पायलट १७० पौंड,’’ तिने वाचलं. ‘‘हा कोण पायलट?’’

साडू म्हणाले की तो प्रमाणित आकडा आहे. विमानं रचताना माणूस १७० पौंडांचा धरायची जुनी रीत आहे, म्हणजे ७७ किलो, आणि सुरुवातीला जो आकडा तक्त्यात घातला तोच राहिलाय.

‘‘सुरुवातीला म्हणजे पंख सोफ्यामागे होता तेव्हा?’’ मेहुणी म्हणाली. ‘‘काटे आहेतच अजून. उभे राहा.’’

माझी बायको आणि मी विमान ढकलून पुढे घेतलं. साडू एका काट्यावर उभे राहिले. पोट आत ओढलं. काट्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. आकडा थोडा वेळ हलत राहिला आणि १९३ वर थांबला. मेहुणीने तेवीस पौंडांचे किलो केले: साडेदहा. तिने तो आकडा वहीतल्या सव्वा किलोशेजारी, पेन्सिलीने, बारीक अक्षरात मांडला. तक्त्यात १९३ घातल्यावर सामानाचा चौकोन लाल झाला.

साडू काट्यावरून उतरले नाहीत. खाली बघत म्हणाले, ‘‘यात बूट धरलेत.’’